लाभ, दोन, तीन

उत्तम भुवड माणसं मोजायला लागला की एक माणूस जास्त भरायचं.

खोके मोजताना नाही हं. ओमानमध्ये रुसैलच्या टाइल्सच्या गोदामात तो एकोणीस वर्षं खोके मोजत होता. कंटेनर रिकामा झाला की त्याचा आकडा आणि कागदावरचा आकडा कधी एका खोक्यानेसुद्धा हलला नाही. घोटाळा व्हायचा तो फक्त माणसांच्या बाबतीत. जेवायला चौघं बसले की हा पाच ताटं मांडायचा. गणपतीच्या आरतीला माणसं मोजून प्रसादाचे द्रोण भरायचा आणि एक द्रोण उरायचा. त्याच्या खोलीतला गुरुदत्त चेष्टेने म्हणायचा, उत्तमराव, तुम्ही कुणाला तरी सोबत घेऊन फिरता वाटतं. उत्तम हसून वेळ मारून न्यायचा. पण तो उरलेला द्रोण त्याने स्वतः कधी खाल्ला नाही आणि दुसऱ्याला हातही लावू दिला नाही.

देवेश गेल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, हे असं चाललं होतं.

देवेश कोण ते सांगायला हवं. गुहागरकडचा पोरगा, एसी दुरुस्तीच्या कामावर ओमानला आलेला, तीस-बत्तीस वर्षांचा. रुसैलच्याच कामगारांच्या कॅम्पात राहायचा आणि उत्तमला दादा म्हणायचा. घरी बायको प्रियांका, तीन वर्षांची रेवा आणि आई जयवंती. लग्न झाल्यावर महिन्याभरात हा इकडे आला, म्हणून बायकोला कुठे फिरवलंच नाही ही त्याची खंत. त्यावर त्याने तोड काढली होती थायलंडची. थायलंडमधल्या क्राबी नावाच्या प्रांताचे फोटो त्याने मोबाइलमध्ये साठवले होते. जंगलातलं हिरवंगार तळं, गरम पाण्याचा धबधबा, समुद्रातून सरळ वर आलेले सुळके. जो भेटेल त्याला दाखवायचा. कॅम्पातले लोक वैतागायचे, पण ह्याचं आपलं चालूच. दादा, ह्या तळ्याच्या फोटोत एक माणूस दिसतंय का बघा, असं म्हणायचा. माणूस नसलेलं पाणी म्हणजे त्याला भारी अपूर्वाई.

आणि उत्तम म्हणजे शुक्रवारच्या सहलींचा कर्ताधर्ता. अल हैलमधली मराठी कुटुंबं, कॅम्पातले दोन-चार एकटे जीव, सगळ्यांना गोळा करून तो महिन्यातून एकदा डोंगरातल्या एखाद्या वादीला न्यायचा. वादी म्हणजे इथली कोरडी नदी. एरवी नुसते गोटे, पण मधे मधे खडकात पाण्याची अशी हिरवी कुंडं असतात की बघणारा चपला काढायचंही विसरतो. गाडी ठरलेली, झुबेरभाईची कोस्टर मिनीबस. झुबेर मंडणगडकडचा, पंचवीस वर्षं ह्या रस्त्यांवर. निघताना झुबेर तीनदा हॉर्न द्यायचा, मग उत्तम प्रत्येकाच्या डोक्याला हात लावून मोजायचा आणि आकडा पुरा झाल्याशिवाय गाडी तसूभर पुढे सरकू द्यायचा नाही. एकदा कुणाची तरी सासू झाडाआड गेली होती, तर अर्धा तास गाडी थांबवली. बायका कुरकुरल्या, तरी हा ढिम्म.

मोजायचा तो मात्र घरच्या पद्धतीने. त्याचा बाप खळ्यावर पायलीने भात मोजायचा, तेव्हा पहिल्या पायलीला "एक" म्हणत नसत, "लाभ" म्हणत. लाभ, दोन, तीन. ही रीत कोकणात काय, देशावर काय, जुन्या लोकांत सगळीकडे. उत्तमच्या तोंडात ती इतकी बसलेली की गोदामातही पहिला खोका लाभच. बांगलादेशी हमाल त्याच्या मागे "लाब, लाब" करून हसायचे.

तीन वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी सहम गावाच्या मागच्या डोंगरात गेले होते. उत्तम आणि झुबेर सोडून तेवीस माणसं. दुपारी चारच्या सुमाराला डोंगरामागे काळं दाटून आलं. इथे डोक्यावर थेंब पडायची गरज नसते. वर कुठे तरी पाऊस झाला की खाली वादी येते, आणि ती आली की बैल सुटल्यासारखी येते. झुबेरने वाऱ्याचा वास घेतला आणि ओरडला, यल्ला, यल्ला, चला लवकर. पोरं ओली, बायकांच्या पिशव्या, कुणाची चटई राहिलेली, नुसती धांदल. तीन हॉर्न झाले. उत्तम पुढच्या दाराने चढला. झुबेरचा चेहरा उतरलेला दिसला, म्हणून त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, काही होत नाही, नीट ने. आणि तो हात तिथे असतानाच त्याच्या तोंडून निघालं, लाभ.

मग पुढच्या डोक्यावर हात. दोन. पुढे तीन, चार. शेवटच्या सीटपाशी तेवीस झाले.

तिथे त्याने झुबेरला "एक" म्हटलं असतं तर जीभ अडखळली असती, कारण झुबेरला तो कधीच मोजत नसे आणि स्वतःलाही नाही. पण लाभ हा त्याच्या मनाला आकडा वाटतच नव्हता. आशीर्वादासारखा तो झुबेरच्या खांद्यावर पडला आणि मोजणीत जाऊन बसला. उत्तमने सवयीने ग्रुपवर लिहिलं, तेवीस पूर्ण, निघालो. गाडी सुटली.

सहमला चहाच्या दुकानापाशी उतरल्यावर कळलं. गुरुदत्तला वाटलं होतं देवेश मागे झोपलाय. परत फिरले तेव्हा वादी आली होती. मातीच्या रंगाचं पाणी रस्त्याला लागलेलं, आणि त्याचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. देवेश दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, दीड-दोन किलोमीटर खाली.

उत्तमला त्याच रात्री समजलं होतं काय झालं ते. अंथरुणावर पडून त्याने डोळ्यांसमोर एकेक सीट आणली, एकेक डोकं आणलं, आणि हात झुबेरच्या खांद्यावर येऊन थांबला. पण सकाळी पोलिसांनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, मोजले, तेवीस होते. मग कुणी तरी म्हणालं, म्हणजे मोजून झाल्यावर तो मागच्या दाराने पुन्हा उतरला असणार, फोटोचं वेड होतंच त्याला. उत्तम त्यावर "असेल" म्हणाला. बस, एवढंच बोलला. झुबेरने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. तेच गावापर्यंत गेलं. पोरगा सांगूनसवरूनही बसमधून उतरला, फोटोपायी मेला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दुपारी दोनपर्यंत सगळ्यांनी हात जोडून झाले, पोरीला शिकवू, बायकोला सांभाळू, सगळं कबूल करून झालं. शेवटी दर्भाचा कावळा केला. हे उत्तमला फोनवर कळलं. काय कबूल करायला हवं होतं ते ठाऊक असलेला माणूस इथे ओमानमध्ये टाइल्सचे खोके मोजत उभा होता. त्या दिवशी संध्याकाळी चौघांत त्याने पाच ताटं मांडली. त्यानंतर सहली बंद केल्या.

आणि आता तीन वर्षांनी प्रियांका आली. अल हैलला तिची मावसबहीण असते, तिच्याकडे महिन्याभरासाठी. आल्या आल्या तिने उत्तमला फोन केला. दादा, मला ती जागा दाखवा, म्हणाली. उत्तमने उन्हाळा सांगितला, वाट वाईट आहे सांगितलं, रजेचं कारण सांगितलं. ती म्हणाली, झुबेरभाईंना मी विचारलंय, शुक्रवारी गाडी मोकळी आहे. आता काय बोलणार?

सकाळी निघाले. सव्वीस सीटची गाडी आणि माणसं तीन. निघताना उत्तमची नजर सवयीने मागे गेली आणि ओठ हलले. प्रवासी एकच, प्रियांका, आणि दोन भरले. त्याने मोजणं तिथेच तोडलं आणि पुढे बघत बसला. वाटेत प्रियांका घरचं सांगत होती. रेवा पहिलीत गेली. सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. आणि मग बाहेर बघत, आवाज न बदलता तिने सांगितलं की सासूबाईंनी देवेशचा फोटो अजून भिंतीवर लावलेला नाही. पितृपक्षात सासऱ्यांचं पान वाढतात, लेकाचं नाही. ज्याला पोरीची आठवण झाली नाही त्याचं पान कशाला, म्हणतात. रेवाने शाळेत बाबांवर चार ओळी लिहिल्या, त्यात लिहिलं, माझे बाबा ऐकत नसत म्हणून वारले.  उत्तमने पाण्याची बाटली उघडली आणि हातात धरून ठेवली. आरशात झुबेरचे डोळे त्याच्यावर होते.

गाडी पूर्वी जिथे उभी राहायची तिथेच झुबेरने लावली. आता तिथे मोबाइलचा टॉवर झालाय. झुबेर म्हणाला, मी इथेच थांबतो. कुंडापर्यंत दहा मिनिटांची वाट, गोट्यांतून. प्रियांका पुढे, उत्तम मागे. ऊन रखरखीत, वारा पडलेला, दोन्ही बाजूंना उंच खडक. थोडं चालल्यावर उत्तमच्या कानावर मागून गोटे वाजल्याचा आवाज आला. झुबेर आला असेल म्हणून त्याने वळून पाहिलं. कुणी नव्हतं. पुन्हा चालू लागला, पुन्हा आवाज. हा थांबला की तो थांबायचा, पण एक पाऊल उशिरा. उत्तम काही भित्रा माणूस नव्हे, पण त्याची पाचावर धारण बसली. त्याने पुन्हा मागे पाहिलं नाही, कारण तिथे कोण असणार ह्याविषयी त्याला शंकाच नव्हती.

वळणाच्या पलीकडे कुंड लागलं. पुराने एवढा धुमाकूळ घातला, पण पाण्याला त्याचं काही नाही. तसंच हिरवं, तळाचा गोटा न गोटा दिसणारं. काठावर चिटपाखरू नव्हतं. प्रियांका खडकावर बसली आणि म्हणाली, त्याला असंच आवडायचं, माणूस नसलेलं. मग तिने पदर सावरला आणि उत्तमकडे सरळ पाहिलं. "दादा, तो बसमधून का उतरला हो? मला एवढंच कळत नाही. तुम्ही शेवटचं मोजलंत, तुम्हीच सांगा."

इथे "असेल" म्हणून सुटता आलं असतं. तीन वर्षं सुटलाच होता. उत्तमने तोंड उघडलं आणि मागे, अगदी पाठीशी, एक गोटा घसरून पाण्यात पडला. पाण्यावर वर्तुळं उठली. दोघांनीही ती पाहिली.

"तो उतरला नाही," उत्तम म्हणाला. "तो चढलाच नव्हता. मी झुबेरला मोजलं आणि तेवीस म्हणालो. मला त्याच रात्री कळलं होतं, प्रियांका. मी बोललो नाही."

मग त्याला थांबवेना. झुबेरच्या खांद्यावरचा हात, लाभ, ढग, पोलीस, ते "असेल", सगळं भडाभडा बाहेर आलं. लाज वाटत होती आणि रडू येत होतं. पन्नाशीचा माणूस गोट्यांवर बसून नाक पुसत होता. तिच्या पाया पडायला वाकला तेव्हा ती पाय मागे घेऊन उभी राहिली. समजूत काही काढली नाही तिने, आणि का काढावी?

तिने पर्समधून मोबाइल काढला. देवेशचा जुना. देवेश बुडाला तेव्हा मोबाइल त्याच्या गळ्यातल्या प्लास्टिकच्या पाकिटात होता, पाण्यात उतरणारे लोक वापरतात तसल्या. सामानाबरोबर घरी आला. रेवाच्या जन्मतारखेवर उघडतो, ते तिला माहीत होतं. तिने एक व्हिडिओ लावला आणि मोबाइल उत्तमच्या हातात दिला.

हेच कुंड, रिकामं. देवेशचा हसरा आवाज. "प्रियांका, बघ, आलं क्राबी. थायलंडचं तिकीट होईतोवर ह्याच्यावर भागव. एक माणूस दिसतंय का बघ." मग खडकांत घुमत हॉर्न वाजले, एक, दोन, तीन. देवेश म्हणाला, "निघायचं झालं वाटतं. असू दे, अजून एक फेरी घेतो. उत्तमदादा मोजल्याशिवाय हलायचे नाहीत."

मोबाइल सावकाश पाण्यावरून फिरत राहिला. खडक, सावली, पुन्हा पाणी. मग लांबून गाडी चालू झाल्याचा आवाज आला. आवाज वाढला आणि कमी कमी होत गेला. देवेश नुसतं "अरे?" म्हणाला आणि व्हिडिओ संपला.

उत्तमने मोबाइल परत दिला आणि प्रियांकाने तो पर्समध्ये ठेवला. मला हे पहिल्या महिन्यापासून माहीत आहे, ती म्हणाली. वाट बघत होते, तुमचा फोन येईल म्हणून. सासूबाईंना ऐकवावं असं रोज वाटायचं, पण त्यांनी विचारलं असतं की मग तो माणूस तसं का सांगतो. सुनेचं म्हणणं आणि उत्तमदादांचं म्हणणं ह्यात त्या तुमचंच धरणार. म्हणून आले.

परत फिरले. उत्तमने मन घट्ट केलं होतं, पण मागे पावलं वाजली नाहीत. पुढे वाजत होती, प्रियांकाच्याही पुढे, भराभर, कुणी गाडी चुकेल म्हणून निघावं तशी. प्रियांकाने ऐकली की नाही कोण जाणे. ती पण झपाझप चालू लागली.

टॉवरखाली उभं राहून तिने सासूला फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि उत्तमच्या पुढे धरला. झुबेर गाडीतून उतरून जवळ आला. उत्तमने ह्या वेळी काही लपवलं नाही, रडलाही नाही. जयवंतीकाकू, तुमचा मुलगा उतरला नव्हता, मी त्याला इथे सोडून गेलो आणि तुमच्याशी खोटं बोललो, असं सरळ सांगितलं. झुबेर मधेच म्हणाला की काकी, खांद्यावरचा हात मलाही ठाऊक होता, आमच्याकडेही भात तसाच मोजतात, मीपण गप्प बसलो.

 पलीकडे अंगणात कोंबड्या ओरडत होत्या. मग म्हातारीने विचारलं, "म्हणजे तो वाट बघत होता?"

"हो, काकू."

"किती वेळ?"

उत्तमने झुबेरकडे पाहिलं, झुबेरने वादीकडे.   म्हातारीने सुनेचं नाव घेतलं. देवेशचा चांगला फोटो कुठल्या ट्रंकेत आहे, एवढं विचारलं आणि फोन ठेवला.

गाडीत बसायची वेळ झाली. प्रियांका मधल्या एका सीटवर बसली, खिडकीशी. झुबेरने किल्ली फिरवली, तेवढ्यात ती म्हणाली, "मोजा, दादा. मोठ्याने मोजा."

उत्तम उठला. पुढून सुरुवात करायला हात वर गेला आणि तिथेच राहिला. मग तो मागे चालत गेला, शेवटच्या रांगेपर्यंत, जिथे गुरुदत्तला देवेश झोपलाय असं वाटलं होतं. रिकाम्या सीटच्या पाठीवर त्याने हात ठेवला. बाहेर एवढं ऊन, गाडी सकाळपासून तापलेली, आणि कापड त्याच्या हाताला ओलं लागलं. त्याने हात काढला नाही.

"लाभ," तो म्हणाला.

मग प्रियांकापाशी येऊन दोन. आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या छातीवर हात ठेवून तीन. तीनच भरले, वर कुणी नाही. उत्तम खाली बसला. झुबेरने आरशात पाहिलं, तीनदा हॉर्न दिला, आणि सगळे आत असूनही पाच मिनिटं गाडी जागची हलवली नाही.